आतून अडीच, बाहेरून तीन

जावयाचं डोकं स्टीअरिंगवर पडलं आणि हॉर्न वाजायला लागला. आम्ही धारूरचा घाट चढत होतो. पुढं एक भरलेला ट्रक चालला होता, तो वळणाआड गेला. आमची गाडी वळलीच नाही. ती सावकाश डावीकडं, दरीच्या अंगाला सरकायला लागली.

मी मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी होते. माझ्या पुढं विहीणबाई, म्हणजे जावयाची आई. त्यांची मान कधीचीच छातीवर पडली होती. माझ्या शेजारी माझी लेक. तिचं तोंड उघडं होतं आणि पदरावर लाळ गळत होती. झोप लागली असेल असं मी समजत होते. जेवण जड झालं होतं, ऊन होतं, गाडीत गार होतं. पण गाडी चालवणारा माणूस हॉर्नवर डोकं ठेवून झोपत नाही.

मी हाक मारायला गेले तर घशातून आवाज निघेना. हात उचलायला गेले तर ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटले. दोन सीटांच्या मधून कसंतरी अंग पुढं टाकलं आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. मला गाडी चालवता येत नाही. पण आमच्या दुकानाच्या टेम्पोत पाईप चढवताना हँडब्रेक मीच लावत आले आहे, तेवढं हातांना ठाऊक होतं. गाडीनं आचका दिला, इंजिन बंद पडलं आणि पुढचं चाक कठड्याच्या दगडाला थडकून थांबलं. माझ्या खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, खालच्या झाडांचे शेंडे दिसत होते.

हॉर्न तसाच वाजत होता. जावयाला मागं ओढून सीटला टेकवलं तेव्हा तो थांबला. मग इतकं शांत झालं की मला त्या शांततेचीच भीती वाटली. तीन माणसं गाडीत होती आणि एकाचाही श्वास मला ऐकू येत नव्हता.

मी तेवढी जागी कशी राहिले, त्याला कारण तंबाखू. थुंकायला लागतं म्हणून माझी काच चार बोटं खाली होती. घाटाच्या पायथ्याला विहीणबाई मागं वळून म्हणाल्या होत्या, "ईनबाई, काच लावा की. एसीचं गार वारं तुमच्या तंबाखूपायी बाहेर चाललंय." मी लावली नव्हती.

हे सगळं का झालं ते सांगायचं तर दुकानापासून सांगावं लागेल.

वडवणीला रस्त्याला लागून आमचं पाइपाचं दुकान आहे. बोअरचे, विहिरीचे, शेतात पाणी न्यायचे पाईप आम्ही विकतो, कापतो, आटे पाडतो, जोडतो. मालक, म्हणजे लेकीचे वडील, वेल्डिंग करतात आणि माप मी घेते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पाव, अर्धा, पाऊण तिथं शिकले आणि पुढची पन्नास वर्षं त्यावरच काढली. पाईप आतून मोजायचा, हे सासऱ्यांनी शिकवलं. पाणी आतून जातं, बाहेरच्या लोखंडाशी आपल्याला काय करायचं, असं ते म्हणायचे. आमच्या भागात पाचशे फूट खाली गेलं तरी पाणी लागेल याची खात्री नाही. अशा ठिकाणी पाइपाचं माप चुकलेला दुकानदार कुणी विसरत नाही. माझं माप कधी चुकलं नव्हतं. त्याची मला घमेंड होती, हेही लिहून ठेवते.

धोंड्याचा महिना त्या साली ऐन उन्हात आला. तीन वर्षांनी हा जास्तीचा महिना येतो. लेकीला आणि जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. शिवाय जावई मागेल ते द्यायचं आणि त्या महिन्यात त्याला नाही म्हणायचं नाही. कापड, अंगठी, झालंच तर फटफटी, असं लोक देतात. आमच्या जावयानं आठ दिवस आधी येऊन पाईप मागितला.

त्यानं जुनी गाडी घेतली होती. गाडी लहान, पेट्रोलवरची, इंजिनही लहान, पण त्याला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय ते त्यानं मला गाडीचं तोंड उघडून दाखवलं. इंजिनातून धूर जोरात बाहेर पडतो, जाता जाता एक पंखा फिरवतो आणि तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. जावयाचं म्हणणं, पंख्यामागचा कंपनीचा पाईप बारीक आहे आणि धूर तिथं तुंबतो. त्याला टर्बोपासून मागच्या टोकापर्यंत तीन इंची सरळ पाईप पाहिजे होता. मोबाइलवर त्यानं तसल्या गाड्या बघितल्या होत्या.

मी म्हटलं, एक हॉर्सच्या मोटारीला तीन इंची पाईप लावला तर पाणी वर चढत नाही, मध्येच लोंबतं. मालक म्हणाले, हे पाणी नाही. पंख्याच्या अलीकडं दाब पाहिजे, पलीकडं मोकळीक पाहिजे. त्यांचं बरोबर होतं, पण मोकळीक किती, हा प्रश्न राहिलाच. जावयानं संभाजीनगरच्या एका सायलेन्सरवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, एवढ्याशा इंजिनाला सव्वादोन पुष्कळ झाला, फार तर अडीच. तीन लावला तर ताकद तेवढीच राहील, आवाज तेवढा वाढेल, आणि गाडीच्या पोटाखाली जागाही नाही. रस्त्यावर रोज चालवायची गाडी आहे, शर्यतीची नाही, असंही तो बोलला होता. जावई हे नाराजीनंच सांगत होता.

"मग अडीच," मी म्हटलं.

"मामी, तीनचा आवाज लई भारी येतो."

"आवाज पाहिजे तर बँडवाला लावून देते."

जावई हसला आणि अडीचवर तयार झाला. मला वाटलं, शहाण्या माणसानं सांगितलेलं माप आपण धरलं, आता काळजी नाही.

दुकानात विहिरीच्या मोटारीचा जस्ताचा पाईप पडून होता. मी तोंडावर टेप धरली. आतून अडीच. मालकांना म्हटलं, हाच घ्या. सायलेन्सरवाले पाईप बाहेरून मोजतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. त्यांचा पत्रा पातळ असतो, बाहेरून अडीच म्हणजे आतून थोडंसंच कमी. आमचं लोखंड जाड. आतून अडीच असलेला आमचा पाईप बाहेरून भरतो तीन इंच. शहरवाल्यानं जे लावू नको म्हणून सांगितलं होतं तेच मी निवडून दिलं, वरून दुप्पट वजनाचं.

धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी सकाळी मालक गाडीखाली शिरले. कंपनीच्या पाइपाला मध्ये एक डबा होता. तो काढून बघितला तर आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. जावई म्हणाला, हाच धूर अडवतो, फेकून द्या. आम्ही तो काढून कोपऱ्यात ठेवला. धुरातलं विष ती जाळी मारते, हे मला दवाखान्यात कळलं.

पाईप बसेना. गाडीच्या पोटाला पाइपासाठी मधोमध एक खोलगट पन्हाळ असते, तिच्यात आमचा पाईप मावत नव्हता. मालक बाहेर येऊन कपाळ पुसत म्हणाले, "बसत न्हाई हा. बारीक घ्यावा लागतो."

मला तेव्हा टेप घेऊन गाडीखाली वाकायला हवं होतं. मी वाकले नाही. मी म्हटलं, "माप बरोबर हाय. तुमीच वाकडा धरला असंल."

मग त्यांनी पन्हाळीचा उष्णता अडवायचा पत्रा काढला, वाट केली. एवढ्या जाड पाइपाला बाक द्यायचं यंत्र आमच्याकडं नाही. त्यांनी पाचरी कापून, तुकडे जोडून बाक आणला. एक जोड नेमका पुढच्या डाव्या सीटच्या पायाखाली आला. जस्तावर वेल्डिंग नीट धरत नाही, बारीक छिद्रं राहतात. पाण्याच्या पाइपाला ती राहिली तरी कळतात. आमचा रिवाजच आहे, जोडलेला पाईप एका बाजूनं बंद करायचा, पाणी भरायचं आणि कुठं थेंब येतो ते बघायचं. त्या दिवशीही मालक पाण्याची बादली मागत होते. पण जावई अंघोळ करून पाटावर बसला होता. विहीणबाई दारातून म्हणाल्या, "आमच्या पोरानं वाणात पाईप मागितला, तुमचं सोनं वाचलं. आता निदान जेवण तरी येळंवर द्या."

"सोनं दिलं असतं तरी आतून पोकळ हाय का ते तुमी बगितलं असतं," मी म्हटलं.

त्या मोठ्यानं हसल्या. विहीणबाई अशाच होत्या. टोमणा मारायच्या, उलटा आला तर मनाला लावून घ्यायच्या नाहीत. धोंड्याला जावयाला ताटकळत ठेवणं बरं नाही म्हणून मी मालकांना बोलावून घेतलं. पाणी भरायचं राहिलं.

जेवणं झाली, वाण दिलं. दुपारी जावई, लेक आणि विहीणबाई परत निघाले. त्यांचं गाव धारूरच्या पलीकडं. लेकीनं आग्रह केला म्हणून मीही दोन दिवसांसाठी बसले. गाडी सुरू केल्यावर आवाज एवढा झाला की समोरच्या हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली. जावयाचा चेहरा खुलला. मला तो आवाज आवडला नाही. गाडीच्या पोटात कुणीतरी गुरगुरतंय असं सीटमधून वर येत होतं.

सुरुवातीलाच वास आला. मालकांनी सांगितलं होतं, नव्या पाइपाचं जस्त तापलं की दोन दिवस वास येतोच. तेच मी सगळ्यांना सांगितलं. प्रत्येक गतिरोधकाला पाईप खाली घासायचा आणि धाडकन वर आपटायचा. जावई तोंड वाकडं करायचा, मी तंबाखू मळायचे. तेलगाव मागं पडल्यावर लेक म्हणाली, डोकं दुखतंय. उन्हाचं, म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, मळमळतंय. मी म्हटलं, सहा धोंडे खाल्ल्यावर मळमळणारच. त्या काहीच उलटून बोलल्या नाहीत. आमच्यात टोमणा उलटल्याशिवाय राहत नसे. तिथं मला कळायला हवं होतं.

घाट लागला. ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडत रडत चढत होती. सगळे गप्प झाले. मलाही डोळ्यांपुढं काळं काळं तरंगायला लागलं. मी तोंड काचेच्या फटीला लावलं, थुंकले, जरा बरं वाटलं, पुन्हा लावलं. आणि मग हॉर्न वाजला.

गाडी कठड्याला थांबल्यावर मी माझं दार उघडलं. मागच्या बाजूला कठडा आणि गाडी यांच्यामध्ये हातभर जागा होती. त्यातून मी बाहेर पडले, फिरून पलीकडून लेकीला काखेत धरून ओढलं. तिला रस्त्यावर आडवं केल्यावर तिनं ओकारी काढली. ओकते म्हणजे जिवंत आहे, एवढं समजलं. मग जावयाचं दार उघडलं. तो मला हलेना. विहीणबाईंचं दार कठड्याला चिकटलेलं होतं, ते उघडतच नव्हतं. मी रस्त्याच्या मधे उभी राहून दोन्ही हात हलवायला लागले. पहिली जीप थांबली नाही. ती गेली तेव्हा मला वाटलं, आता ही माणसं इथंच जाणार आणि मी बघत उभी राहणार.

मग मोटारसायकलवरचे दोघं थांबले. त्यांनी जावयाला बाहेर काढलं आणि त्याच्या बाजूनं आत शिरून विहीणबाईंनाही ओढून काढलं. एक जण जीप आणायला मागं धावला. मी विहीणबाईंची चप्पल घ्यायला गाडीत वाकले. चप्पल त्यांच्या पायाखालच्या चटईला चिकटली होती. चटई उचलली तर खाली पत्र्यात रुपयाएवढं भोक. तिथं रबराचं बूच असतं, ते वितळून गेलं होतं. भोकातून गरम वाफ तोंडावर आली. खाली आमचा जोड दिसत होता, त्याला केसाएवढी चीर होती आणि चिरेभोवती काजळी.

मला सगळं कळलं. आणि मी चटई परत भोकावर ठेवली. का ठेवली, ते मला आजही सांगता येत नाही.

धारूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं. कुठून निघालो ते मी जीपमध्ये बोलले होते, त्यावरून मोटारसायकलवाल्यांनीच सांगून टाकलं, धोंड्याचं जेवण होतं, बाधा झाली असेल. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, भजी. ते म्हणाले, तुम्हीही खाल्लं का? खाल्लं, म्हटलं. ऊनही लागलं असेल असं ते म्हणाले आणि तिघांना सलाईन लावलं.

मी बाकावर बसले. बोलले तर काय होईल ते मी मोजत होते. लेकीच्या सासरी मला उभं करणार नाहीत. लेकीलाच परत पाठवतील. मालकांना पोलिसात नेतील. सलाईन चाललंय, होईल बरं, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं आहे हे मला कळत होतं. समोर विहीणबाईंचे ओठ लाल दिसत होते, आजारी माणसाचे दिसू नयेत तसे. त्यांचा श्वास बदलला. विहिरीतलं पाणी संपून मोटार हवा ओढायला लागली की पाईप जसा गुरगुरतो, तसा. तो आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे. त्यानंतर मोटार बंद केली नाही तर ती जळते.

मी उठले. सलाईनची बाटली अर्ध्यावर आली होती. एवढा वेळ मी गप्प बसले होते.

"डॉक्टर, जेवण न्हाई," मी म्हटलं. "गाडीत धूर आलाय. त्यो पाईप आमी बसवलाय. माप माजं हाय."

डॉक्टर वळले. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. पेट्रोलची गाडी का, काचा बंद होत्या का, मधला डबा काढला का. तिन्हीला मी हो म्हटलं, फक्त माझी काच चार बोटं उघडी होती तेही सांगितलं. त्यांनी नर्सला ऑक्सिजन आणायला पळवलं. दवाखान्यात त्या वेळी मास्कसकट दोन सिलिंडर तयार होते आणि माणसं तीन. डॉक्टरांनी एक विहीणबाईंना लावला, दुसरा जावयाला. लेक डोळे उघडत होती म्हणून तिला खिडकीशी वाऱ्यावर बसवलं, रुग्णवाहिका आली की तिलाही लावू म्हणाले. मी तिचं डोकं धरून बसले आणि दर थोड्या वेळानं तिला तिचं नाव विचारत राहिले. चार वेळा तिनं बरोबर सांगितलं. पाचव्यांदा माझ्याकडं नुसतं बघितलं. तेवढी भीती मला घाटातही वाटली नव्हती.

रुग्णवाहिकेनं तिघांना पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं. सायलेन्सरचे पाईप बाहेरून मोजतात, हे मला तिच्या ड्रायव्हरनं वाटेत सांगितलं. मालक तिथं आले. मी त्यांना आपला पाईप बाहेरून किती भरतो ते विचारलं. त्यांना तोंडपाठ होतं. ते म्हणाले, तीन.

जावयाला रात्र उलटल्यावर शुद्ध आली. लेकीला त्याच्या आधीच आली होती, पण तिला अजून कधीकधी साधा शब्द सापडत नाही, 'पातेलं' म्हणायला ती हातानं गोल काढते. मी जावयाला सगळं सांगितलं. आतून मोजलं ते, पाणी भरलं नाही ते, चटई परत ठेवली ते, आणि अर्धी बाटली गप्प बसले तेही. तो छताकडं बघत ऐकत राहिला.

"मामी," तो म्हणाला, "तीन मीच मागितला होता."

"तू मागितला. दिला मी."

डॉक्टरांना मी विचारलं, मी लगेच बोलले असते तर फरक पडला असता का. ते म्हणाले, सांगता येत नाही. भोक विहीणबाईंच्याच पायाखाली होतं आणि त्यांचं वयही होतं.

विहीणबाई तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. जावई, लेक आणि मी, आम्ही तिघं वाचलो.